तात्या असेसरांचं मत

खुनाच्या खटल्यात रक्त वाळलेला कोयता पुढे आला की बाकीचे असेसर मान फिरवत. तात्या तो हातात घेत. पात्यावरून बोट फिरवत, वजन तोलत आणि कोरड्या आवाजात म्हणत, "माणूस फासावर द्यायचा, तर हे नीट बघायला नको?" रत्नागिरीच्या सेशन कोर्टात मी तेव्हा जबान्या लिहिणारा कारकून होतो. न्यायाधीशाला मत सांगायला जिल्ह्यातले चार प्रतिष्ठित बोलावत, ते असेसर. मत मानायचं की नाही, ही साहेबाची मर्जी. तात्या आंब्याच्या बागांचे मालक, कायदा शिकलेले नव्हते.

'म्हणतात' हा शब्द त्यांना खपत नसे. अमक्याने भावाला मारलं म्हणतात, असं कुणी बोललं की ते विचारीत, "तुम्ही होतात तिथे?" त्यामुळे पुष्कळ जण त्यांच्याशी बोलायचंच टाळत.

दाभोळच्या खाडीत सोमा नावाचा खलाशी सापडला. मान अर्धी तुटलेली, चेहरा खेकड्यांनी खाल्लेला. होडीवरून त्याचं आणि भागीदार राघूचं वैर होतं. राघूच्या घरात रक्ताळलेला कोयता मिळाला. एका साक्षीदाराने तिन्हीसांजेला पलीकडच्या काठावरून राघूला वार करताना पाहिल्याचं सांगितलं. चेहरा दिसला का, असं तात्यांनी विचारलं. तो म्हणाला, अंगकाठी राघूचीच होती. कोयत्यावरचं रक्त माणसाचं की बोकडाचं, हे मुंबईच्या तपासणीतही ठरलं नव्हतं. तिघे असेसर दोषी म्हणाले. तात्या उठले.

"त्याने मारलाही असेल. पण 'असेल'वर फास आवळता येत नाही."

साहेबाने तेच मानलं. राघू सुटला. बाहेर जमावाने दगड मारले, तात्यांची भुवई फुटली. उपरण्याने रक्त टिपत ते चालत घरी गेले.

दोन वर्षांनी राघूने भर दुपारी अंगणात बायकोला, भागीला, तोडलं. वार अडवायला गेलेल्या हाताची बोटं तुळशीपाशी पडली होती. तीन शेजारणींनी दहा पावलांवरून सारं पाहिलं. असेसरांच्या यादीत तात्यांचं नाव पुन्हा निघालं. मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. तिघींना एकेकीला विचारलं, आणि दोषी म्हणाले. राघूला फाशी झाली.

निकालाच्या दिवशी भागीची आई आवारात उभी होती. ती ओरडली नाही.

"तेव्हाच लटकवला असतात, तर माझी लेक जिती असती."

तात्या तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "होय, असती. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं, बाई."

त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून तिच्या पायांशी ठेवलं. तिने त्याकडे पाहिलं नाही. ती निघून गेली, आणि तात्यांनीही ते उचललं नाही. पुढच्या सेशनला समन्स गेलं तेव्हा ते काळी टोपी घालून आले, आणि साक्षीदार पुढे येताच खुर्ची जवळ ओढून बसले.