उलटा बसवलेला वॉल्व्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि खरं सांगू — सांगायला बसलो की माझाच मला वैताग येतो, कारण गोष्ट बोटाएवढ्या एका वॉल्व्हची आहे.

गंगाखेडला माझं गॅरेज आहे. तिथं हमीद उस्ताद काम करायचे — मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. राणीसावरगावच्या एका निवृत्त डॉक्टरांनी त्यांच्या वडिलांची जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार आणली. उस्तादांनी महिनाभर खपून इंजिन बांधलं. उरला तो वॉल्व्ह — इंजिनात कोंडणारी वाफ एकाच दिशेनं बाहेर जाऊ देणारा; दिशेचा बाण त्याच्यावरच कोरलेला. उस्ताद मला म्हणाले, "बाण बघून लाव." एवढंच. पण पाइप बसेना, क्लिप निसटायली, हात घामानं बुळबुळीत. तीनदा काढला, तीनदा घातला. शेवटी चिडून दाबून बसवला. बाण पाहिला का? नाही.

आठवड्यानं गाडी परभणीच्या रस्त्यावर बंद पडली. वाफ कोंडून इंजिनाच्या मागचं, ऑइल अडवणारं सील फुटलं, सगळं ऑइल सांडलं, इंजिन जाम. ओढून आणली. बॉनेट उघडलं आणि मला आधी तोच दिसला — उलटा. तेव्हाच बोललो असतो तर? मी आडोसा करून तो सरळ केला. डॉक्टरांनी विचारलं, "सील कुणी बसवलं होतं?"

मी म्हणालो — "उस्तादांनी."

खोटं होतं का ते? सील त्यांनीच बसवलं होतं. असलं चलाख खरं मला कसं सुचलं, कोण जाणे.

उस्ताद बराच वेळ ते सील बोटांत फिरवत राहिले. "माझ्याकडूनच तिरकं बसलं असंल," म्हणाले. "नजर गेली आता." डॉक्टरांची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. इंजिन मी पुन्हा बांधलं. डॉक्टरांनी माझ्या हाताचं कौतुक केलं — मी ते उभ्यानं ऐकून घेतलं.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण वर्षानं उस्ताद आले. "घरी मन लागंना. येऊन बसू का? बारीकसारीक करीन." निदान तेव्हा सांगायचं? पण हा माणूस रोज समोर बसणार — या विचारानंच मी वैतागलो.

"राहू द्या उस्ताद," म्हणालो. "हात कापायलेत तुमचे."

त्यांनी दोन्ही हात पुढं धरून पाहिले. मग सायकल वळवली.

हात कापत नव्हते. मी बघत होतो.