शिवगंगानं फोडायला लावलेलं पोतं

घाटनांदूरच्या बाजारपेठेत रविचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, हरभऱ्याच्या पोत्यांशेजारी टेबल टाकून त्याची थोरली बहीण शिवगंगा इंग्रजी कागदांचं जपानी करते. हसायचं तर हसून घ्या, गावानंही हसून घेतलंय. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई मोबाईलवर जपानी शिकते म्हटल्यावर कुणी तिला टोकियोवाली म्हणालं, कुणी डोक्यावर परिणाम झालाय म्हणालं. चार वर्षं घासली तिनं. पुण्याला जाऊन परीक्षा पास झाली, तेव्हा कुठं लोकांची तोंडं बंद झाली.

तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बारा वर्षांपूर्वी नवऱ्यानं तराजूतलं दोन किलोचं वजन उचलून तिच्या कानशिलात घातलं. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा घातलं तेव्हा ती खाली पडलेली होती. जबडा मोडला, कानातून रक्ताची धार लागली. दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला, पण तिला तोंड उघडता येईना. मग रविनंच सांगितलं, "जिन्यावरून घसरून पडली." धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं, भानगड नको होती. चांगली बी. ए. झालेली शिवगंगा, तिनं त्या कागदावर गुपचूप सही केली. मारापेक्षा ती सहीच तिला जास्त सलते.

तर मागच्या वर्षी पुण्याच्या एका एजंटाचा कागद आला. हा इकडची पोरं जपानला कामाला पाठवायचा. कागद होता युसूफ वडगाव या गावच्या युवराजचा, तिकडच्या कंपनीला द्यायचा. बांधकामावर काम करताना त्याच्या पाठीला लोखंडी पाइपचा 'हिट' बसला, एवढीच ओळ. हा इंग्रजी शब्द मोठा बेरकी. पाइप घसरून लागला तरी हिट, कुणी चापट मारली तरी हिट, आणि गुरासारखं बडवलं तरी हिटच. जपानीत तसं भागत नाही. आपोआप लागलं तर आतारु, चापटलं तर ताताकु, बदडून काढलं तर नागुरु. तिन्हीतलं एक धरावंच लागतं.

एजंटानं फोनवर सांगूनच टाकलं, "मॅडम, अपघाताचा शब्द टाका अन् तासाभरात पाठवा." तो शब्द टाकला की प्रकरण मिटणार आणि सोमवारी युवराजला परत त्याच कामावर उभं राहावं लागणार, हे शिवगंगाला कळत होतं.

पण ज्याचा जबाब त्याला विचारल्याशिवाय ही बाई एक अक्षर लिहीत नाही. तिनं युवराजला व्हिडिओ कॉल लावला. तो पालथा पडला होता, उताणं होता येत नव्हतं. सोबत राहणाऱ्यानं त्याचा शर्ट वर केला. पाठीवर मनगटाएवढे जाड काळेनिळे वळ होते आणि एका ठिकाणी कातडं फाटून मांस दिसत होतं.

"पाइप अंगावर पडला का रे?"

"न्हाई ताई, मुकादमानं मारलं. पाइप जोडायची कडी उलटी बसवली म्हणून. चारदा मारलं. तिसऱ्याला मी खाली पडलोतो."

शिवगंगाचा जबडा ठणकायला लागला.

रवि चहा घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "अपघात लिहून टाक बाई," तो म्हणाला. "आपल्याला कशाला पायजे लोकांची भानगड? ह्यो एजंट गेला तर दुसरं काम कोण देणार हाय तुला?"

"शटरची सळई आण," ती म्हणाली.

त्यानं आणली. काय चाललंय त्याला कळेना.

"आता या पोत्याला मार. युवराज सांगंल तसं."

रविनं ओशाळून एक टोला हाणला. फोनमधून युवराज म्हणाला, "असं न्हाई दादा. दोनी हातानं. खांद्यावरून."

रविनं तसा हाणला. खोलीत धूळ उडाली.

"लई जोरात होतं."

पुढच्या टोल्याला पोतं आडवं झालं. युवराजचा आवाज बारीक झाला. "आता खाली पडलोय मी. आता मारा."

रविचे हात थांबले. त्यानं बहिणीकडं बघितलं.

"मार," शिवगंगा म्हणाली. "थांबू नको. तो थांबला नव्हता."

रविनं डोळे मिटून सळई घातली. पोतं उसवलं, हरभरे खाटेखाली, टेबलाखाली उधळले. रविच्या तळहाताची साल निघाली होती. फोनमध्ये युवराज "हां, असंच," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

शिवगंगानं विचारलं, "रवि, हे पोतं जिन्यावरून पडलं असं लिहू का?"

त्यानं सळई खाली ठेवली, तो फरशीवर बसला आणि हरभरे गोळा करू लागला.

तिनं नागुरु लिहिलं. खाली वेगळी टीप जोडली, की जखमी माणसाला मी स्वतः विचारलं आहे, पाइपानं चार वेळा मारलं आहे, आणि शेवटी मारलं तेव्हा तो खाली पडलेला होता. पाठीचा फोटो लावला. कागद एजंटाला गेला आणि थेट कंपनीलाही गेला. पाठवताना ती लई घाबरली होती.

एजंटानं फोनवर तोंडाला येईल ते बोलून घेतलं आणि काम बंद केलं. युवराजचा आठ दिवसांनी निरोप आला, मुकादमाला काढलं. शिवगंगा मग दोन महिने दुकानात पुड्या बांधत बसली, तेव्हा कुठं दुसरीकडचं काम मिळालं.

त्याच दिवसांत गल्लीत नव्यानं राहायला आलेली मंजुळाबाई डाळ न्यायला आली. तिनं डावीकडून शिवगंगाला दोनदा हाक मारली. शिवगंगाला ते ऐकूच आलं नाही, ती तशीच उठून मागच्या खोलीत गेली.

"हिला ऐकू येत न्हाई व्हय?" मंजुळाबाईनं रविला विचारलं. "पडलीबिडली होती का?"

इतकी वर्षं या प्रश्नाला रविकडं उत्तर तयार असायचं. त्यानं डाळीची पुडी काट्यावरून उचलली, पण पुढं केली नाही.

"पडली न्हाई," तो म्हणाला. "नवऱ्यानं मारलं. दोन किलोच्या वजनानं, दोनदा. पडली म्हणून पोलिसाला मीच सांगितलतं."

मागच्या खोलीत शिवगंगानं ते उजव्या कानानं ऐकलं, आणि तोंडाला पदर लावून ती पोटभर रडली.