जोविटा सिस्टरच्या दिवाळ्या

कळव्याच्या जोविटा सिस्टरने एकोणीस वर्षांत एकही दिवाळी घरी काढली नव्हती. कल्याणच्या त्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूच्या नर्सेसचा तोंडी व्यवहारच होता: नाताळची सुट्टी जोविटाला, गणपती-दिवाळी तिने सांभाळायची. वर "जा गं चित्रा, मी आहे ना," म्हणत ती मैत्रिणीची ड्यूटीही अंगावर घ्यायची. सणात मोठे डॉक्टर गावाला जातात, आणि पेशंटला घरचे अगदी गळ्याशी आल्यावर आणतात. त्या दिवसांत माणसं जास्त दगावतात, हे वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक होतं.

मग एका मयताच्या मुलाने तक्रार केली आणि पोलिसांनी तीन वर्षांची रजिस्टरं उचलली. बावीस मृत्यू, त्यांतले चौदा जोविटाच्या ड्यूटीत. विष सापडलं नाही, कुणी काही पाहिलं नाही. पण संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी कोर्टात सांगितलं, हा निव्वळ योगायोग असता तर असं घडण्याची शक्यता अडीच कोटींत एक. त्यांनी सगळे दिवस सारखे धरले होते, लक्ष्मीपूजन काय नि एरवीचा मंगळवार काय. सरकारी वकील त्यांच्याही वरताण. म्हणाले, "म्हणजे ही बाई निर्दोष असण्याची शक्यता अडीच कोटींत एक."

अहो, कोट्यवधींत एकाला लॉटरी लागते, म्हणून काय त्याने तिकीट चोरलं? पिंजऱ्यातून जोविटा आपल्या वकिलाकडे बघत राहिली. तो घड्याळ बघत होता.

साक्षीला चित्रा आली. ड्यूट्या परस्पर बदलणं नियमात बसत नव्हतं, नोकरी जायची भीती होती, म्हणून सणांचा व्यवहार तिने सांगितलाच नाही. खाली बघत ती म्हणाली, "ती स्वतःच म्हणायची, मी करते." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जोविटाला जन्मठेप झाली.

पुढच्या दिवाळीनंतर चित्रा तुरुंगात भेटायला आली. जाळीपलीकडे आधी नुसती रडली.

"या दिवाळीत पाच गेले गं. पाचही माझ्या ड्यूटीत."

जोविटा जाळीशी सरकली. "वकिलाला लिहून दे हे. माझं अपील आहे. मी सुटेन, चित्रा."

"आणि मला धरतील."

जोविटाला तिचा संताप आला. धरणार नाहीत, असं मात्र तिला म्हणता येईना.

चित्राने ते कधीच लिहून दिलं नाही. अपील फेटाळल्याचं जोविटाला वकिलाच्या पत्रातून कळलं.