वासूच्या दारातले पत्रे

मेहकरहून गावाकडे निघालेल्या एसटीत होतो, तेव्हा दिनेशचा फोन आला. दिनेश म्हणजे वासूचा मुलगा. "काका, बाबा गेले... आन् इकडं पाऊस थांबून नाही राह्यला." बालमित्र गेला आणि माझ्या मनात आधी आलं ते भलतंच. स्मशानातल्या शेडचे पत्रे तर काढलेले असणार.

ते वासूनेच काढलेले. आमचं स्मशान नदीकाठी. मागे एका पुराने तिथलं तिन्ही बाजूंनी बंद शेड उचलून नेलं आणि पुढे कित्येक दिवस आम्ही ताडपत्री धरून माणसं जाळली. नवं शेड झालं तेव्हा वासू हट्टाला पेटला, की बाजूचे पत्रे नटबोल्टनेच बसवा. मग दरवर्षी आखाड लागला की त्याला घरात बसवत नसे. चहा अर्धा टाकून उठायचा, पाना घ्यायचा, मला ओढत न्यायचा आणि खोललेले पत्रे स्वतःच्याच अंगणात आणून ठेवायचा. मसणातले पत्रे दारात म्हणून शांतावहिनी बोटं मोडायच्या. मीही वैतागायचो. एकदा विचारलंच, "आन् पावसात मयत झालं त? भिजाले सोडाचं काय?"

"आडोसा मानसं धरतीन," तो म्हणाला. "पानी कोनाच्यानं धरल्या जात नाही. त्याले वाट द्या लागते."

त्या दुपारी पाऊस आडवा येत होता. चिता पेटेना. दिनेश ओला पलिता घेऊन नुसता उभा... चारपाच जण गेले आणि वासूच्या अंगणातले पत्रे घेऊन आले. आम्ही ते हातात धरून सरणाभोवती उभे राहिलो. पाठीवर पाऊस आणि हातात तापत जाणारा पत्रा. जाळ नीट धरेपर्यंत कुणी हात सोडला नाही. मी मात्र ढसाढसा रडलो.

दोन दिवसांनी नदी शेडमधून आरपार वाहून गेली. खांबांना गाळ लागला, शेड जागचं हललं नाही.

परवा वासूकडे गेलो. पत्रे पुन्हा त्याच भिंतीला टेकलेले होते. वहिनींनीच ते घरी आणायला लावले म्हणे. खिळ्याला पाना होता. चहा हातात होता, तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि मी कप खाली ठेवून उठलोच.

"बसा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आता काढाचं काई राह्यलं नाही."