मेंदीचे जन्मनक्षत्र

माणसाच्या केसांना आणि घराच्या कुंपणाला एकच शास्त्र लागू पडते, असे मानणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच असेल, आणि तो बसवनगुडीत नेमका माझ्या शेजारी राहतो. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी नोकरीसाठी पुणे सोडले त्याला आता एक जन्म उलटला, तरी अण्णांच्या लेखी मी ‘पुणेकर’च, जणू कालच्या गाडीने उतरलो आहे. त्यांचे स्वतःचे पूर्वज मराठा फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. काम आटोपल्यावर ते परत का गेले नाहीत, याचे मला एकच कारण सुचते : प्रवासाला चांगला दिवस निघाला नसावा.

अण्णांच्या घराभोवती मेंदीचे दाट कुंपण आहे. मुलगी झाली त्या वर्षी त्यांनी ते रोहिणी नक्षत्रावर लावले, म्हणून कुंपणाचे जन्मनक्षत्र रोहिणी. रोहिणीवर कात्री लावायची नाही. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी नाही. एकादशीला, पौर्णिमेला, अमावास्येला नाही. दिवे लागल्यावर तर नाहीच. आषाढ, पितृपंधरवडा आणि धनुर्मास सरसकट बाद. एवढ्यातून जे दिवस उरत त्या दिवशी पाऊस पडे, किंवा कापणारा येत नसे. हेच नियम अण्णा स्वतःच्या डोक्यालाही लावत असल्यामुळे ते आणि मेंदी एकाच सुमारास वाढलेले आणि एकाच सुमारास हलके झालेले दिसत. टपालवाल्याला घर सांगताना लोक म्हणत, ‘मालकाचे केस बघा, त्यावरून कुंपण ओळखू येईल.’

कापणारा माणूस निवडताना अण्णा जावई निवडताना केली नव्हती एवढी चौकशी करत. एकदा त्यांच्या भाच्याने मोबाइलवरून मंजुनाथ नावाचा एक माणूस बोलावला. तो पेट्रोलवर चालणारे यंत्र घेऊन आला. अण्णांनी यंत्र बाजूला ठेवायला लावले आणि त्याला पायरीवर बसवून कन्नडमध्ये विचारपूस सुरू केली. गाव कुठले, आई आहे का, लग्न झाले का. नाही म्हणताच अण्णांची मान हलली. ‘मग तुला घाई असणार.’ शेवटी मागच्या भिंतीपाशी, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, त्याला नमुन्यादाखल हातभर कापायला सांगितले. अण्णा चष्मा लावून दोनदा जवळून, दोनदा लांबून बघून आले. ‘सरी, ठीक आहे. पण उजवीकडे स्वल्प जास्त उतरलंय.’

मंजुनाथ कपाळ पुसत म्हणाला, ‘सार, ही मेंदी आहे. उद्या हिला मुंडावळ्या नाही बांधायच्यात.’

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी त्याला तिथेच कायमचा नेमला. काम झाल्यावर अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, त्याला नारळ, विडा आणि कॉफी दिली. हजामतीनंतर अंघोळ हवीच, म्हणून अण्णांनी पाइप लावून सगळे कुंपण डोक्यावरून न्हाऊ घातले. ते होईपर्यंत मेंदीला कोणी शिवायचे नव्हते. त्या गडबडीत माझा हात लागला, तर मलाही पाय धुवायला लावले.

या सगळ्या सोहळ्याला दरवर्षी एक प्रेक्षक ठरलेला असे. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर. ते कन्नड, सुधारक, देवळात न जाणारे. अण्णांच्या पंचांगाची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली आणि आयुष्यभर रोज संध्याकाळी अण्णांबरोबर फिरायला गेले. बोलताना अण्णा मराठीतून चिडत, मास्तर कन्नडमधून हसत, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकच डोसा दोघे वाटून खात. मास्तर आमच्या रहिवासी संघाच्या समितीवर होते, आणि अण्णांच्या कुंपणाचा तिथे कधी विषय निघाला, तर तेच तो हसण्यावारी नेत.

मग ते वर्ष आले. त्या वर्षी चांगले दिवस येत होते आणि जात होते, अण्णा कुंपणाला हातच लावू देत नव्हते. मंजुनाथ दोनदा येऊन कॉफी पिऊन परत गेला. मेंदी माणसाच्या वर गेली, फुटपाथभर पसरली. आम्ही गेटपाशी उभे राहून विनोद केले. सगळ्यांत जास्त मी केले. मास्तर मात्र त्या वर्षी हसत नव्हते. फक्त एका संध्याकाळी, माझ्यादेखत, ते फांद्या हाताने बाजूला सारत म्हणाले, ‘अण्णा, रस्त्याच्या अंगाने स्वल्प ट्रिम करून घे. नुसते टोक.’ अण्णांनी बाजूला सारलेली फांदी परत जागेवर आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होतो, आणि मागून आलेल्या स्कूटरचा आरसा माझ्या कोपराला लागला. खरचटले, एवढेच. शेजारच्या गेटाची कडी वाजवून ‘अण्णा, हे कापा’ म्हणणे एवढे सोपे काम होते. पण मला तोंडावर बोलणे कधी जमले नाही. मी घरात येऊन संघाच्या सेक्रेटरीला फोन केला. नाव गुप्त राहील ना, असे दोनदा विचारले.

संघाने त्याच दिवशी भाड्याने माणूस पाठवला. शनिवार होता, त्यातून अमावास्या. अण्णा आणि अक्का चामराजपेटला नातेवाइकांकडे गेले होते. ते दुपारी रिक्षातून उतरले, तेव्हा कुंपण सगळीकडून कमरेइतके झाले होते आणि माणूस यंत्र पुसत होता. मला वाटले अण्णा ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी खाली पडलेली पाने ओंजळीत घेतली आणि ते पायरीवर बसून राहिले.

कारण मला संध्याकाळी अक्कांकडून कळले. अमेरिकेतल्या मुलीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते. आठवा महिना चालू होता. त्यांच्यात बायको गरोदर असताना नवरा केस कापत नाही. जावई ऐकणारा नव्हता. त्याचे ऑफिस, त्याचा न्हावी. ‘मग हे म्हणाले, तिच्या वयाची मेंदी आहे, ती पाळेल,’ अक्का म्हणाल्या. ‘कुणाला बोललो नव्हतो. दृष्ट लागते. फक्त मास्तरांना माहीत होतं.’

मी काय ऐकले ते मला नीट कळले, तरी फोनचे न सांगता मी घरी आलो. फक्त मास्तरांना माहीत होते, मास्तर समितीवर होते, आणि आदल्याच संध्याकाळी त्यांनी कापण्याचा विषय काढला होता. अण्णांना आणखी पुरावा नको होता. मास्तर भेटायला आले तेव्हा अण्णा आत निघून गेले. अक्का दारात म्हणाल्या, ‘ठाऊक असून केलंत ना?’ मास्तरांनी चप्पल पायांत सरकवली. ‘इतक्या वर्षांनी मी त्याला खुलासा देणार नाही,’ एवढेच म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले.

मुलीला मुलगी झाली. गुटगुटीत, जन्मतःच डोके भरून केस. मला वाटले, आता सगळे आपोआप मिटेल. काही मिटले नाही. तेव्हा मी एकदाचा धीर करून अण्णांकडे गेलो आणि सांगून टाकले, ‘तक्रार मी केली होती.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. ‘अगं, ऐकलंस का?’ त्यांनी आत हाक मारली. ‘मास्तरला वाचवायला पुणेकर स्वतःवर घेतायत!’

‘अण्णा, खरंच मी—’

‘बेडा, पुणेकर, नको. काही बोलू नका. दूधवाला रोज पाणी विकतो, त्याला तुम्ही हसून थँक्यू म्हणता. तुम्ही तक्रार करणार?’ मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, ‘देवमाणूस आहात.’ अक्कांनी कॉफीबरोबर बेसनाचा लाडूही दिला. मी तो खाल्ला.

तिथून मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. ‘ठाऊक आहे,’ ते म्हणाले. ‘सेक्रेटरीने मला त्याच दिवशी सांगितलं होतं.’

‘मग तुम्ही अण्णांना सांगितलं का नाही?’

‘तक्रार करणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, हा नियम समितीत मीच करून घेतला होता. आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल.’

‘आता सांगितलं हो. ते विश्वासच ठेवत नाहीत! तुम्ही चला माझ्याबरोबर.’

मास्तर हसले, पहिल्यासारखे नाही. ‘मी आलो तर त्याला वाटेल, स्वतः सुटायला मी तुम्हाला पुढे केलं.’

म्हणून हे लिहितो आहे. अण्णा माणसाचे बोलणे खरे धरत नाहीत, पण छापलेले खोटे असू शकत नाही अशी त्यांची पंचांगापासूनची श्रद्धा आहे. तेव्हा अण्णा, हे छापून आले आहे. तक्रार मी केली. मास्तरांनी तुमचे गुपित शेवटपर्यंत राखले, आणि माझेही.

तोवर फिरायला अण्णांबरोबर मी जातो. ते संध्याकाळी गेटशी उभे राहतात, समोर मास्तर वऱ्हांड्यात पेपर उघडून बसलेले असतात, आणि दोघेही माझी वाट पाहत असल्यासारखे रस्त्याकडे बघतात. मास्तरांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून अण्णा नेहमी त्यांच्या उजव्या हाताला चालत आणि मोठ्याने बोलत. अजूनही ते माझ्या उजव्या हाताला येतात आणि नातीचे नवे दात, न्हाव्याचा आळस, डोशाची घसरलेली चव सगळे माझ्या कानाशी ओरडून सांगतात. मला दोन्ही कानांनी चांगले ऐकू येते. पण तसे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.