पॅनेलवरच्या कुरडया

गच्चीवर सोलर पॅनेल बसवलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहतो तर शेजारच्या मालतीकाकूंनी त्यावर जुनं धोतर पसरून कुरडया घातलेल्या.

मी वैतागलोच. "अहो काकू, पॅनेल झाकलं तर वीज कशी होणार?"

"सगळ्यात चांगलं ऊन इथेच येतं रे!"

शेवटी दोघांनी चार टोकं धरून धोतर अलगद कठड्याजवळ नेलं.

आता आठवडाभर आभाळ भरलेलं आहे. पॅनेल जेमतेम चालतंय आणि मी उगाच त्याच्यावर रुसलोय. मघाशी काकू तळलेल्या कुरडया देऊन गेल्या. ऊन कसं साठवायचं, हे मी यांना शिकवायला निघालो होतो! बाहेर पाऊस कोसळतोय, आणि माझ्या दाताखाली वैशाखातलं ऊन कुरकुरतंय.