चिकटलेल्या चकत्या

भट्टी उघडली तर चाळीस चकत्यांचा एकच ठोकळा झालेला. हवालदारांनी छिन्नी लावली, हातोडी घातली. ठोकळा ढिम्म. सांगलीच्या पाटलांच्या हळद दळायच्या मशीनच्या या स्टीलच्या चकत्या, कडक करायला आमच्याकडे आलेल्या, आणि पाटील त्या न्यायला दुपारी स्वतः येणार होते.

मी साताऱ्यात एमआयडीसीत मेटलर्जिस्ट आहे, म्हणजे धातूची डॉक्टर. माझे पेशंट कधी ओरडत नाहीत, ओरडतात ते मालक.

"हवालदार, माल धुतलाच न्हाई तुमी. तेल जळून चिकटलाय. उद्यापासनं येऊ नका," आमचे मालक ओरडले.

हवालदार फौजेतून रिटायर होऊन दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे लागलेले. ज्यांच्या बुटात तोंड बघून भांग पाडावा, असा माणूस. नोकरी जाण्यापेक्षा 'धुतला न्हाई' हेच त्यांना झोंबलं. कागद मागून ते तिथेच राजीनामा लिहायला बसले.

"थांबा जरा," मी म्हटलं. "भट्टी कशी भरली ते सांगा."

"मॅडम, एकेक चकती तीनदा धुतली. मधी जाळी घालत्यात, तिनं पॉलिशवर वळ उठत्यात, म्हणून काढली. वाकू नयेत म्हणून वरनं बोल्ट आवळलं. लय मन लावून केलं वो."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. इतक्या निगुतीनं घोळ घातलेला मी पाहिला नव्हता.

धातूत अणू पंगतीसारखे रांगेत बसलेले असतात. मधेच एखादं पान रिकामं असतं, त्याला आम्ही व्हेकन्सी म्हणतो. धातू तापला की अणूंना एका जागी बसवत नाही. शेजारचा सरकून रिकाम्या पानावर बसतो, त्याच्या जागी पलीकडचा सरकतो. पृष्ठभागावरच्यांना धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून त्यांची पळापळ जास्त. जाळी असली की दोन चकत्यांच्या पंगती वेगळ्या राहतात. इथे जाळी नाही, घाण नाही, व्हॅक्यूमची भट्टी म्हणून हवाही नाही, वरून बोल्टचा दाब. दोन्ही घरची मंडळी एका पंगतीत बसून मोकळी झाली.

पाटील यायच्या आत ठोकळ्याचा एक तुकडा कापला, घासला, अ‍ॅसिड लावून मायक्रोस्कोपखाली ठेवला. ते आल्यावर मालकांना म्हटलं, "बघा, जळकं तेल कुठं दिसतंय?"

"न्हाई. पण जोड कुठाय?"

"जोड उरलाच नाही. माल धुतला नसता, तर मधे काळी रेघ दिसली असती."

पाटलांनीही डोळा लावला. "माणूस चोख हाय की तुमचा," ते म्हणाले. "आठ दिवसांत दुसऱ्या करून द्या."

मालक खाकरले. "हवालदार, तो कागद फाडा. रिजेक्शनच्या रजिस्टरात कारण लिवा."

हवालदारांनी आधी पट्टीनं रेघ आखली. मग ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'माल प्रमाणाबाहेर स्वच्छ होता.'

सहीसाठी रजिस्टर माझ्याकडे आलं. मी सही केली आणि वर एक ओळ घातली: 'जाळी कशासाठी घालतात, हे मेटलर्जिस्टने सांगितले नव्हते.'